पाव्हण्यासाठी झाडलेली गाडी

सगळ्या ताडकळसात माझ्या व्हॅनएवढी साफ गाडी दुसरी न्हाई, असं मी कुणालाबी छाती ठोकून सांगतो. बसणारी माणसं सीटावर आधी दस्ती-रुमाल अंथरतात, ती गोष्ट येगळी.

गाडी माझ्या पोरीच्या वयाची. रोज माणसं न्यायची, बाजारच्या दिवशी वाळल्या मिरच्यांची पोती. त्या पोरीला बघायला पाव्हणे येणार व्हते. पोराचा फोटू तिला लय आवडलेला. पाव्हण्यांना चुडाव्याच्या ठेसनावरून आणायचं काम माझ्याकडं.

मालकीण म्हणली, "सीटा काढून खालून झाडा. नुसतं वरवर फडकं मारू नका."

"मला शिकवायलीस व्हय?" म्हणलो, आन वरवर फडकं मारलं. काचा पुसल्या, नवी चटई टाकली. मिरचीचं बी, देठं, चुरा, सगळं मागच्या सीटाखाली लोटलं. तिथं कोण वाकून बघतंय?

वास मातर जाईना. मंग धुपाटण्यात गवरीचा इस्तू घेतला, वर ऊद टाकला, तेबी मागच्या सीटाखाली सारलं आन काचा लावल्या. गाडी देवळावानी घमघमायली. मी एवढा खूष, की धुपाटणं काढायचंच इसरलो.

चुडाव्यात पोरगा, त्याची माय आन मामा बसले. माय म्हणली, "वास बेस हाय की!" माझी मान ताठ झाली. त्या ताठ मानंत पुढचा गतिरोधक दिसलाच न्हाई. गाडी उडाली, मागं धुपाटणं आडवं झालं आन इस्तू मिरचीवर सांडला.

आधी मामा खोकला, मंग पोरगा, मंग मी. गाडी थांबवून आमी सगळे रस्त्यावर. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी. पोराची माय पदरानं तोंड पुसत म्हणली, "दृष्ट काढायची तर पोरीची काढावी, आमची कशाला काढायलाव?"

मला वाटलं, आपल्याच टायराखाली झोपावं.

घरी पोरगी पोहे घिऊन आली. समोर तिघं नाकं पुसायलेत, डोळे लालभडक. तिनं पोराकडं बघितलं, मंग माझ्याकडं. तिचेबी डोळे भरले. तिला तर मिरचीचा धूर लागला नव्हता.

मी दाराच्या आड जाऊन हुबा राहिलो. तिथंच पोराच्या मायनं मला गाठलं.

"पोरगी पसंत हाय, इवाई," ती म्हणली. "लग्न झालं की आमीच घिऊन जाऊ तिला. तुमी आन तुमची गाडी घरीच थांबा."