चार वाजून दहा मिनिटं

बेलीफकाकांच्या घरात वेळ लिहिलेली नाही अशी वस्तू शोधावी लागायची. औषधाची बाटली कधी उघडली, गॅसची टाकी कधी लावली, सगळं पेन्सिलीनं नोंदलेलं. काकू म्हणायच्या, "मला या घरात कधी आणलं, ते तेवढं कपाळावर लिहायचं राहिलं." काका चष्मा न काढता सांगायचे, "अकरा पस्तीस. तुझ्या माहेरच्यांनी उशीर केला."

काका न्यायालयात बेलीफ. समन्स द्यायची, दाराला कुलूप असलं तर दारावर चिकटवायची. त्याची खळ काकू घरीच शिजवायच्या, कान तुटलेल्या पातेल्यात, गुठळी होऊ न देता. कागद चिकटला की काका खालच्या कोपऱ्यात वेळ लिहीत आणि तिथंच उभ्या असलेल्या दोघांच्या सह्या घेत. बाकीचे बेलीफ कचेरीत बसून अंदाजपंचे वेळ टाकत आणि काकांना हसत. काकूंना त्या हसण्याचा राग यायचा, पण त्यांनाही वाटायचं, एवढा काटेकोरपणा करून या माणसाला मिळालं काय?

मग ते दिवस आले. आधी जमावबंदी लागली. शेजारच्या मास्तरांनी शाळेच्या ग्रंथालयासाठी नऊ पालकांना वर्गात बोलावलं होतं. दुपारी दीड वाजता, मधल्या सुट्टीची घंटा होत असताना, पोलिसांनी मास्तरांना उचललं. त्याच संध्याकाळी रेडिओवर लष्करी कायदा पुकारला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की मास्तरांना लष्कराच्या ताब्यात दिलंय आणि त्यांचा खटला लष्करी न्यायालयात चालेल.

मास्तरीणबाई काकूंच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. चहा हातातच निवला. त्यांना एवढंच कळत नव्हतं, की परवा जमावबंदी, काल लष्करी कायदा, यात फरक तो काय?

काकांनी सांगितलं ते काकूंना आजही शब्दन् शब्द आठवतं. जमावबंदीत पाच किंवा जास्त जणांनी जमायचं नाही, मोडली तर साधा गुन्हा, जामीन मिळतो. संचारबंदीत घराबाहेरच पडायचं नाही. आणीबाणीत आपले काही हक्क थांबवतात, पण कारभार नेहमीच्याच सरकारचा. "लष्करी कायद्यात मात्र घरचा कर्ताच बदलतो, वहिनी. हुकूम त्यांचा, न्यायालय त्यांचं, आणि त्या निकालावर अपील नाही."

"म्हणजे हे सुटायचे नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

काका उठले. खुंटीवरच्या पिशवीतून त्यांनी वही काढली. लष्करी कायद्याचा जाहीरनामा न्यायालयाच्या दारावर त्यांनीच चिकटवला होता, काकूंच्याच खळीनं. त्यात शेवटची ओळ होती की दारावर लागल्या क्षणापासून तो अमलात येईल. वहीत वेळ होती चार वाजून दहा मिनिटं.

दुपारी काका मास्तरीणबाईंना घेऊन वकीलबाईंकडे गेले. वकीलबाईंनी वरच्या न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज टाकला. म्हणजे धरलेला माणूस आमच्यापुढे उभा करा आणि कोणत्या कायद्यानं धरला ते सांगा. चार वाजता लागलेल्या कायद्यानं दीड वाजताचा माणूस धरता येतो का, एवढाच प्रश्न होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी एक लष्करी अधिकारी घरी आला. बूट दाराबाहेर काढण्याइतका सभ्य. त्याचं मागणं लहानसं होतं. त्या दिवशी सकाळी आठ वाजताही जाहीरनाम्याची एक प्रत लावली होती, एवढं काकांनी लिहून द्यावं. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, हेही त्यानं आठवणीनं सांगितलं. पातेल्यातली खळ ढवळता ढवळता काकूंचा हात थांबला. 'द्या लिहून,' हे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आले होते.

काका म्हणाले, "साहेब, चिकटवायचं काम माझं. वेळ घड्याळाची. तिच्यात मी काही करू शकत नाही."

अधिकारी बूट घालून निघून गेला. काकूंनी खाली पाहिलं, तर खळीत गुठळ्या झालेल्या. लग्नानंतर पहिल्यांदा.

सुनावणीला काकू शेवटच्या बाकावर बसल्या. लष्कराच्या वकिलांचं म्हणणं होतं की जाहीरनाम्यावर त्या दिवसाची तारीख आहे, मग सबंध दिवस त्यात आला. वकीलबाईंनी दारावरून काढलेला कागद पुढे ठेवला. न्यायाधीशांनी काकांना विचारलं, कोपऱ्यात सह्या कुणाच्या?

"एक गेटवरच्या पहारेकऱ्याची. दुसरी लष्कराच्या ज्या सुभेदारांनी जाहीरनामा आणून दिला, त्यांची. ते घाईत होते, मी थांबवून घेतली."

न्यायालयात कुणीतरी हसू दाबलं. काकूंना ते ऐकू आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हसण्याचा त्यांना राग आला नाही. दीड वाजता नेहमीचाच कायदा चालू होता, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि मास्तरांना साध्या न्यायालयात पाठवलं. तिथं जामीन मिळाला.

काकांची पुढच्याच महिन्यात रेकॉर्डच्या खोलीत बदली झाली. दारांवर कागद लावणं संपलं. त्यांनी तिथल्या कपाटांवर वेळ लिहायला सुरुवात केली.

पण ते नंतरचं. मास्तर घरी आले त्या दिवशी सगळी गल्ली दारात उभी होती. मास्तरीणबाई पायरीवरच बसून रडत होत्या. काकांची मान सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली. काकूंनी पेन्सिल आधीच हातात घेतली होती.

"पाच वीस," त्या म्हणाल्या.

"बावीस," काका म्हणाले.

काकूंनी दाराच्या चौकटीवर बावीस लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.