व्हीपीनं आलेला कॅमेरा

पोस्टमननं पार्सल पडवीत ठेवलं आणि मी लेकीला उचलून थेट अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. आई म्हणाली, "काय गो, साप बघितलास काय?" मी म्हटलं, "तू पण बाहेर ये आधी." आई हसायला लागली, पण मला हसू येत नव्हतं. पार्सल एवढंसं, वर दोरी, दोरीवर लाख, आणि पाठवणाऱ्याचं नाव असं की वाचताच येईना. आमच्या ह्यांनी मागवलेलं, आत कॅमेरा हाय हे मला ठाऊक होतं, तरी भीती. एवढ्या स्वस्तात कॅमेरा येतोच कसा, ह्याचं उत्तर मला कोणीच दिलं नव्हतं.

माझं माहेर रोह्याजवळ, भातशेतीचं घर. सासर पेणकडे जोह्याला, तिथं घरोघर गणपतीचे कारखाने. मी बाळंतपणाला आलेली, लेक नुकती मान धरायला लागली होती. त्याच वर्षी आमचे हे थोरल्या दिरांच्या कारखान्यातनं वेगळे झाले. भांडण नाय, पण बोलणं पण नाय. ह्यांचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. डोळे काढताना हे श्वास पण धरून ठेवतात, मी बाजूला बसले तर मी पण धरते.

आमच्याकडे रीत अशी की मुंबईचे शेठ पेणला येऊन एका जागी बसतात आणि कारखान्याकारखान्यातले फोटोंचे अल्बम मागवून बघतात. फोटो आवडला तर कारखान्यात पाऊल टाकणार, नायतर नाय. ह्यांनी तीन नवे नमुने केलेले. त्यांचे फोटो नाय तर शेठ नाय, शेठ नाय तर ऑर्डर नाय, मग परत दिरांच्या दारात मान खाली घालून उभं राहायचं. हे म्हणालेले, "तिथं परत नाय जाणार गो मी. त्यापेक्षा धाटावला केमिकलच्या कंपनीत पिंपं उचलीन." धाटावच्या शिफ्टवरनं येणारी आमच्या गावातली माणसं कशी खोकत येतात ते मी लहानपणापासून बघत आलेली. ह्यांना दम्याचा त्रास.

पेणचा फोटोवाला कारखान्यात यायचे वेगळे पैसे घ्यायचा, आणि तो दिरांचा दोस्त. मग ह्यांना पेपरात जाहिरात दिसली. जपानी कॅमेरा, सोबत फ्लॅश, पट्टा, पाऊच, वर एक रोल फुकट. किंमत एवढी कमी की पेणच्या दुकानात तेवढ्यात नुसता फ्लॅश आला असता. मी विचारलं, "अहो, एवढा स्वस्त कसा?" हे म्हणाले, "थेट कंपनीकडनं येतो, मधी दुकानदार नाय." मी सातवी शिकलेली, मी काय बोलणार. पण मनात आलं, दुकानदार नाय म्हणजे भांडायचं कोणाशी? जोह्यात दिरांना कळू नये म्हणून पत्ता माझ्या माहेरचा दिला, आणि आम्हाला न्यायला म्हणून आलेले हे पार्सलच्या दिवशी तिथंच होते.

पोस्टमन म्हणाला, "पैसे द्या, सही करा, मग सोडा दोरी."

बाबा म्हणाले, "आधी उघडून दाव. आम्ही भात घेतो तर मूठभर हातात घेऊन, चावून बघतो."

"काका, व्हीपी हाय ही, पैसे भरल्यावरच सुटते. चावायची नसते."

ह्यांनी पार्सल दोन्ही हातांवर घेतलं, वरखाली केलं, आणि त्यांचं तोंड उजळलं. बाबांना म्हणाले, "मामा, वजन बघा. पोकळ माल नाय." आमच्यात तसंच बघतात. मूर्ती हातावर घेतली की वजनावरनं कळतं, आत भरलीय की नुसतं पातळ टरफल हाय. हलकी म्हणजे फसवी. जड म्हणजे करणाऱ्यानं हात राखून काम केलेलं नाय. ह्यांचा सगळा जन्म त्यात गेलेला, त्यांनी तेच केलं आणि पैसे दिले.

उघडलं तर खरंच कॅमेरा, काळा चकचकीत, पुढं ही मोठी काच. मला बरं वाटायला हवं होतं. पण जड हाय म्हटल्यावर माझी भीती आणखी वाढली. मुंबईत बॉम्ब फुटलेले, त्या दिवसांत एस्टीत पाटी असायची, बेवारस वस्तूला हात लावू नका, आणि हायवेला पोलीस गाड्या थांबवून पिशव्या बघायचे. खाडीकडच्या गावांत काय काय उतरतं म्हणून लोक कुजबुजायचे. आता ह्या कॅमेऱ्याच्या आत काय हाय ते मला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही कोलाडवरनं जाणारी गाडी धरली. पाऊच ह्यांच्या मांडीवर, लेक माझ्या मांडीवर, आणि मी जमेल तेवढी खिडकीला चिकटून. खांबला गाडी थांबली आणि पोलीस वर चढला. मी लेकीला छातीशी घेतलं.

"ह्यात काय?"

"कॅमेरा हाय साहेब."

"बिल?"

बिल नव्हतं, नुसती पोस्टाची चिठ्ठी. ह्यांनी ती काढून दिली. पोलिसानं आकडा वाचला आणि ह्यांच्याकडे बघितलं. "एवढ्याला? कुठनं उचलला?"

मागचे दोघंतिघं हसले. हे अडखळायला लागले, घाबरले की तसंच व्हायचं ना त्यांचं. मी मनात सगळं बघून घेतलं, ह्यांना उतरवतात, मी पोरीला घेऊन रस्त्यावर, पेण कुठं, रोहा कुठं. तेवढ्यात लेकीनं दूध ओकलं, माझ्या अंगावर, थोडं त्याच्या बुटावर. पोलीस मागं सरकला, "बघा बघा, पोरीला बघा आधी," म्हणाला आणि उतरून गेला. मी रडत होते की हसत होते मलाच कळेना.

जोह्याला आल्यावर ह्यांनी तिन्ही नमुने उजेडात मांडले, मागं निळी चादर लावली, आणि जवळ जाऊन, अगदी मूर्तीच्या डोळ्यांवर काच धरून फोटो काढले. प्रत्येक फोटोला कट् आवाज यायचा आणि मी लेकीचा कान झाकायची. रोल पेणला धुवायला दिला. फोटो आले त्या दिवशी हे दारातनं आत आले ते चप्पल घालूनच.

चादर स्वच्छ आलेली. चादरीवरचं ठिगळ पण दिसत होतं. पुढं गणपती नुसता धुक्यासारखा, आणि डोळ्यांच्या जागी पुसून टाकल्यासारखे दोन काळे डाग. ज्या डोळ्यांसाठी माणूस श्वास धरतो तेच नव्हते. सगळ्या फोटोंत तसंच. रोल धुणारा म्हणालेला, ह्या काचेला जवळचं दिसत नाय, आणि लांबनं काढले तर डोळे कळणार नायत.

हे जेवले नाय. सुरी घेऊन बसले आणि कॅमेऱ्याचा तळ उचकटला. मी लेकीला घेऊन परत बाहेर. आतनं काही फुटलं नाय. हाक आली, "ये गो, बघ." तळाला लोखंडाचा तुकडा चिकटवलेला, बाकी आत काय नाय, प्लास्टिक आणि हवा. जड लागावा म्हणून बसवलेला. हे तो तुकडा हातात धरून एवढंच म्हणाले, "माझ्यासारख्यालाच गाठायला ठेवला होता." मला त्यांच्या रागाची नाय, त्या शांत आवाजाची भीती वाटली. धाटाव हा शब्द आता तोंडातनं बाहेर येईल असं वाटत राहिलं.

फोटोवाल्याला बोलवायला आता पैसे नव्हते. शेठ पेणला आलेले. मीच म्हटलं, "फोटो नाय तर मूर्तीच नेऊया." हे म्हणाले, "येडी की काय? शेठ अल्बम बघतात, मूर्ती मांडीवर घेऊन कोण जातं?" पण गेलो. दोन मूर्ती ह्यांच्याकडे, एक माझ्या हातात, लेक पाठीशी बांधलेली, आणि एस्टीतल्या बायका विचारतायत, "काय गो, आत्ताच बसवलास काय गणपती?"

पेणला शेठच्या समोर अल्बमांची थप्पी. वरचा दिरांचा, मी कव्हर ओळखलं. शेठनं मूर्ती बघितली, डोळे बराच वेळ बघितले. "भाव?" म्हणाले.

हे घाबरलेले. आणि घाबरून ह्यांनी दिरांच्या निम्मा भाव सांगितला.

शेठनं मूर्ती खाली ठेवली. "निम्म्यात? कसं परवडतं तुला? मातीत काय मिसळतोस रे?"

हे अडखळले. शेठचा हात अल्बमकडे गेला. मला तेव्हा कसं काय झालं माहीत नाय, पण मी बोलले, "शेठ, काय मिसळत नाय. हे घाबरून बोलले. वेगळे झालोय ना, हातची ऑर्डर जाईल म्हणून. भाव थोरल्या दिरांचाच हाय. त्याच्या खाली परवडत नाय आम्हाला."

हे माझ्याकडे बघायला लागले. निम्मा भाव मीच मोडला होता. आता शेठ उठवतील, आता उठवतील असं वाटून माझ्या कानात नुसता आवाज घुमत होता.

शेठ म्हणाले, "थोरल्याचा भाव थोरल्याला. तू नवीन हायस, थोडं खाली ये." मग लहान मूर्तीवर बोट ठेवलं. "ही देतो ऑर्डर. ह्या दोन घेऊन जा. आणि डोळे तूच काढायचे, कामावरच्या पोरांना बसवायचं नाय."

"मीच काढतो," हे म्हणाले, न अडखळता.

एका नमुन्याचीच ऑर्डर. तेवढ्यात वर्ष निघेल की नाय ते मला कळेना, आता लेक बालवाडीत जाते तरी तसले हिशेब मला कळत नायत. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "बोललीस कशी गो तू?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक, ही धरा आधी, पडेल माझ्या हातनं." ह्यांनी माझ्या हातातली मूर्ती काढून घेतली, आणि आम्ही जोह्याच्या गाडीला उभे राहिलो.