ताईला विचारलं तेवढंच

ताईला जेवढं विचारावं तेवढ्याचंच ती उत्तर द्यायची. "वाजले किती, माहीत आहे का गं?" असं कुणी विचारलं की ती "हो" म्हणायची आणि पुन्हा हातातल्या कामाकडे वळायची. विचारणारा ताटकळायचा, मग चिडायचा. मी धावत जाऊन वेळ सांगायचे आणि "ती तशीच आहे हो" म्हणायचे. माझं निम्मं लहानपण या एका वाक्यात गेलं.

आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. ताई चौदा वर्षांची, मी तेरा. ती एकदा नापास झाल्यामुळे दोघी एकाच वर्गात होतो. शाळेची घंटा व्हायच्या आधीच ती दोन्ही कानांवर हात ठेवून बसायची. नवं कापड अंगाला लागलं तर रडायची, म्हणून आई तिचे परकर महिनाभर धुऊन धुऊन मऊ करायची. आज अशा मुलांसाठी डॉक्टरांकडे नाव आहे. आमच्याकडे 'हट्टी' होतं, 'उद्धट' होतं, आणि बायका हळू आवाजात म्हणायच्या ते 'अर्धवट'.

शिवण मात्र तिच्यासारखी कुणालाच येत नव्हती. एक टाका वाकडा पडला तर सगळी ओळ उसवायची. "वाकडं राहिलं तर मला तेवढंच दिसत राहतं," म्हणायची. त्यामुळे तिचं झबलं कधी वेळेत पुरं व्हायचं नाही.

त्या वर्षी शाळा तपासायला इन्स्पेक्टरीणबाई आल्या. शिवणाच्या बाईंनी टेबलावर झबली मांडून त्यांना मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. बरीचशी झबली बाईंच्या बहिणीनं शिवलेली होती. वर्गाला ते ठाऊक होतं. इन्स्पेक्टरीणबाईंनी ताईच्या नावाचं झबलं उचललं.

"छान आहे. तूच शिवलंस ना?"

"नाही. बाईंच्या बहिणीनं."

मी बाकाखालून तिला पाय मारला. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "पाय का मारतेस?"

"मग तुझं कुठंय?" इन्स्पेक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझ्या पिशवीत. अजून एक बाही राहिलीय. पण ते याच्यापेक्षा चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी आमच्या वडिलांना, अण्णांना, बोलावून घेतलं. ताईनं शिवणाच्या बाईंची माफी मागावी, नाहीतर तिला घरी ठेवावं. अण्णा भांडुपच्या एका कारखान्यात कारकून होते, साहेबासमोरही मान वर न करणारे. त्यांनी घरी येऊन हेडबाईंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"माफी चूक केल्यावर मागतात," ताई म्हणाली. "माझी चूक कोणती ते सांगा."

आई माझ्याकडे वळून मालवणीत म्हणाली, "तू तरी सांग गो तिका."

मी सांगितलं नाही, मी ओरडले. "एकदा हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? सगळ्या मुली गप्प बसल्या ना?"

ताईनं विचारलं, "गप्प बसायचंय हे त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कळतं ते."

"मला कळत नाही. तू आधी सांगितलं असतंस तर मी बोलले नसते."

याचा मला इतका संताप आला की मी तिचा हात धरून तिला बाईंच्या घरी घेऊन गेले. वाटेत चार वेळा 'बाई, मी माफी मागते' एवढंच वाक्य पाठ करून घेतलं. बाई दारात आल्या. ताईनं हात जोडले आणि म्हणाली, "बाई, धाकटी म्हणते म्हणून मी माफी मागते."

बाईंनी दार लावून घेतलं. ताईची शाळा त्या दिवशी संपली. माझी चालू राहिली. मी दप्तर घेऊन निघाले की ती खिडकीशी असायची. तिच्याकडे पाहावं लागू नये म्हणून मी मागच्या दारानं जायला लागले.

पुढं तिला दोन स्थळं पाहून गेली. "स्वयंपाक येतो का?" या प्रश्नावर तिनं "भात येतो, आमटी बिघडते" असं खरं खरं सांगितलं. तिसरं स्थळ आलं ते माझ्यासाठी. लग्नात बँड वाजायला लागल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी निरोप घ्यायला गेले तर ती जवळ आली नाही. एवढंच म्हणाली, "आता लोकांना काय म्हणायचंय ते मला कोण सांगणार?"

मी म्हणाले, "मी येईन ना दर रविवारी." निरोप घेताना माणसं म्हणतात तसं.

सासर सांताक्रूझला. पहिल्या रविवारी पाहुणे होते, दुसऱ्या रविवारी सासूबाई नको म्हणाल्या. तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा ताई फाटकापाशी उभी होती. दोन्ही रविवारी ती तिथंच उभी होती, अंधार पडेपर्यंत, न जेवता. "हलवूक गेलंय तर हात झिडकारल्यान," आई म्हणाली.

ताईचा चेहरा रागावलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तू दर रविवारी म्हणालीस. त्याचा अर्थ काय होता?"

आयुष्यभर मी तिला लोकांच्या बोलण्याचा अर्थ सांगत आले होते. माझ्या बोलण्याचा सांगता येईना. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "चल, आधी जेवून घे."

"ते उत्तर नाही," ती म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.