काकांनी वाचून दाखवलेला कागद

चावीवाल्या काकांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या फटीत बसवलेलं एक कपाटच होतं. पाठीमागे खिळ्यांवर कोऱ्या चाव्यांचे झुबके, पुढे चावी घट्ट धरायचा व्हाइस ठोकलेली फळी, फळीवर तीन-चार कानशी आणि त्यांच्या शेजारी, पितळेचा भुगा पडू नये म्हणून वर रुमाल टाकलेली, वाचनालयातली कादंबरी. गिऱ्हाईक आलं की काका एक बोट वर करायचे. परिच्छेद संपू द्या, असा त्याचा अर्थ. नवखं गिऱ्हाईक चरफडायचं. जुनं गिऱ्हाईक फळीला टेकून विचारायचं, "काय काका, मेला का तो?" चाळीस वर्षं हे असंच चाललं, आणि त्यापायी कोणाचं दार उघडायचं राहिलं नाही.

करमणुकीबद्दल काकांची मतं ठाम होती आणि ती न विचारताच मिळायची. सिनेमा चांगला, पण तो थांबत नाही. "एखाद्या वाक्यापाशी दहा मिनिटं बसावंसं वाटलं, तर बसता यायला नको?" नाटकाचं काय, नटाचा घसा बसला की संपलं. खेळाचा सामना त्यातल्या त्यात बरा, त्याचा शेवट निदान कोणी आधी लिहून ठेवत नाही. आणि टीव्हीवरची मालिका म्हणजे बूट काढून आत आलेला, चहा झाला तरी उठायचं नाव न घेणारा पाहुणा. कादंबरीचं मात्र वेगळं. कादंबरीतला माणूस खोटा असला तरी त्याचं दुखणं खरं असतं, असं ते म्हणायचे. त्यांचा राग होता तो एकाच जातीच्या लेखकावर. माणसाला दोनशे पानं मरणाच्या दारात नेऊन बसवायचं आणि शेवटच्या दहा पानांत ठणठणीत करून घरी पाठवायचं! असलं पुस्तक परत करताना ते वाचनालयातल्या बाईंना बजावायचे, "लेखक भित्रा आहे. पुढच्या वाचकाला सांगून ठेवा."

काकूंनी हे सगळं पाठ होईपर्यंत ऐकलं होतं. त्यांनी तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत टेलिफोन बोर्डावर काढली होती. पलीकडचा माणूस "साहेब बाहेर गेलेत" म्हणाला की साहेब समोरच बसलेत हे त्यांना लगेच कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी संध्याकाळी सातची मालिका धरली ती धरलीच. काकांनी नाक मुरडलं की म्हणायच्या, "तुमची माणसं शेवटच्या पानाला सोडून जातात. माझी रोज सातला येतात." यावर काका पुस्तकात डोकं घालायचे.

मग काकूंचे डोळे बिघडले. उजवा आधी गेला, डाव्यात धुकं उतरायला लागलं. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. निकालाचा कागद आठवड्याने मिळणार होता, तो आणायला काका एकटेच गेले. कागद त्यांनी जिन्यात उभं राहून वाचला. आयुष्यभर इतकं वाचलेल्या माणसाला त्या आठ ओळी तीनदा वाचाव्या लागल्या. डाव्या डोळ्याची उरलेली नजर वर्षभरात जाईल, उपचार नाही. आहे तोवर ती वापरून घ्यावी, जे पाहायचं ते पाहून घ्यावं, आणि काठीने चालायचं, हाताने ओळखायचं शिक्षण लगेच सुरू करावं.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. "वाचा," म्हणाल्या.

काकांनी चष्मा लावला, कागद उघडला, आणि त्यांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. सहा महिन्यांत सुधारणा होईल. धीर धरावा. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खोटं पटायला एखादा बारीक तपशील लागतो, हे शेकडो कादंबऱ्यांनी त्यांना शिकवलं होतं. "आणि हे बघ, लिहिलंय, डोळ्यांना पूर्ण विश्रांती. दिवसातून जमेल तितका वेळ डोळे झाकून ठेवावेत."

काकूंनी त्याच दुपारी चाचपडत काळ्या कापडाची पट्टी शिवली. औषध कधी चुकवणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. सकाळी उठल्या की पट्टी, जेवताना पट्टी, संध्याकाळी मालिकेसमोर पट्टी. सुरुवातीला काकांना वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग वाटलं, आठवड्याने. एकदा तर ते सांगायचं म्हणून दुकानातून लवकर आले आणि काकूंनी हसत विचारलं, "सहा महिन्यांनी पहिल्यांदा काय बघणार माहितीये? तुमचं ते कपाटाएवढं दुकान. किती वर्षं झाली, बघितलंच नाही." काका हातपाय धुवायला आत गेले.

दुकानात त्यांना वाचवेना. कादंबरी उघडायचे, बोट वर धरायचे, आणि गिऱ्हाईक ताटकळत असताना त्याच एका ओळीकडे बघत बसायचे. दोनदा चावीचा दात जास्त घासला गेला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र नवीन झाली. काकूंनी डोळे झाकलेले, म्हणून मालिकेत कोणी बोलत नसेल तेव्हा काय चाललंय ते काकांनी सांगायचं ठरलं. ज्या मालिकेला ते पाहुणा म्हणायचे, तिच्यासमोर ते रोज सातला येऊन बसायला लागले. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. "थोरली सून दाराशी थांबलीये. आत येऊ की नको करतेय," असं ते सांगायचे आणि काकू म्हणायच्या, "अगदी दिसलं बघा."

मालिकेतल्या थोरल्या सुनेचे डोळे अपघातात गेले होते आणि शस्त्रक्रिया झाली होती. एका शुक्रवारी तिची पट्टी सोडायचा भाग होता. डॉक्टर आले, घरचे जमले, बोलणं थांबलं आणि नुसतं संगीत सुरू झालं. पडद्यावर थोरलीने डोळे उघडले. समोर नवरा हात हलवत होता आणि तिची नजर त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे गेली होती.

काकूंनी काकांचा हात धरला. "अहो, दिसलं का तिला?"

"दिसलं," काका म्हणाले.

"मग कोणी बोलत का नाही?"

"रडतायत. आनंदाने."

शनिवार-रविवार मालिका नसायची. निभावलं, असं काकांना वाटलं. शनिवारी सकाळी ते दुकानाला निघायच्या तयारीत असताना शेजारीण वाटीभर साखर परत द्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "काकू, बघितलंत ना काल? काय बाई नशीब त्या थोरलीचं! आंधळीच राहिली बिचारी."

काकू म्हणाल्या, "हो ना," आणि साखर घेऊन तिला वाटेला लावलं. मग खुर्चीत बसल्या. काका चपलेत एक पाय घालून तसेच उभे.

"दार लावा," काकू म्हणाल्या. काकांनी दार लावलं.

"काल तुमचा आवाज कसा होता सांगू? साहेब बाहेर गेलेत म्हणणाऱ्यासारखा. मी म्हटलं, मालिकाच आहे, जाऊ दे. पण तो आवाज मी आधी ऐकलाय. तुम्ही कागद वाचलात त्या दिवशी. मी माझी समजूत घातली, की घाबरलेत म्हणून तसा येतोय."

"अगं, ऐक..."

"कागद आणा. आणि आहे तसा वाचा. भित्र्या लेखकांना नावं ठेवत जन्म घालवलात ना तुम्ही?"

कागद कपड्यांच्या खाली होता. काकांनी तो काढला, चष्मा लावला आणि वाचला. एकही शब्द गाळला नाही. नजर वर्षभरात जाईल, उपचार नाही. आहे तोवर ती वापरून घ्यावी, जे पाहायचं ते पाहून घ्यावं.

"विश्रांती कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

"नाहीये. ती मी घातली."

"तारीख काय कागदावर?"

काकांनी तारीख सांगितली. काकूंनी बोटांवर मोजलं. नऊ आठवडे. त्या ओरडल्या असत्या, त्यांनी वाटी फेकली असती, तर काकांना सोसलं असतं. पण त्या इतकंच म्हणाल्या, "नऊ आठवडे मी उजेड साठवून ठेवत होते हो. नंतर वापरू म्हणून."

काका मटकन खाली बसले आणि रडले. लहान मुलासारखे, नाक ओढत. काकूंनी त्यांना समजावलं नाही. हे माफ करायला त्यांना किती दिवस लागणार होते, की जमणारच नव्हतं, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी डोक्यामागची गाठ सोडली, पट्टी काढली, डोळे दोनदा चोळले.

"उठा," त्या म्हणाल्या. "खिडकीत जा. तिथे ऊन आहे."

काका खिडकीत जाऊन उभे राहिले.

"चष्मा काढा. अंहं, तोंड पुसू नका, तसंच राहू दे." काकू उठल्या, भिंतीचा आधार घेत अगदी जवळ आल्या, आणि मान तिरकी करून डाव्या डोळ्याने त्यांच्याकडे बघायला लागल्या. कपाळ, नाक, ओठ, एकेक करत. पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"केस सगळे पांढरे झालेत का हो?"

"नाही गं, थोडे..." काका म्हणाले आणि थांबले. "सगळे झालेत."

"आता हलू नका," काकू म्हणाल्या.