नको असलेलं कर्ज

घर मी रोखीनं घेणार होतो. रोखीनं म्हणजे पिशवीत नोटा भरून नव्हे; चेकनंच, पण कर्ज न काढता. वीस वर्षं भाड्याच्या घरात काटकसर करून आम्ही नवराबायकोनं ते जमवलं होतं, आणि भेटेल त्याला मी ते ऐकवतही होतो.

घर मानेवाड्याकडचं, एका निवृत्त मास्तरांचं. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आणि त्यांच्या बायकोचे गुडघे गेलेले. पुण्यात मुलीनं त्यांच्यासाठी तळमजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवला होता, पण तिथला मालक दिवाळीपर्यंतच थांबणार होता.

"आधी एक पोरगा आला होता," मास्तर म्हणाले. "पण कर्जवाल्याले तीन महिने लागते जी. तुम्ही लवकर करता म्हणून भाव कमी करून राहिलो."

"आठ दिवसांत रजिस्ट्री," मी छाती काढून म्हणालो. इसार दिला, पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला मित्र म्हणाला, "कर्ज असलं की बँकेचा वकील जुने कागद तपासते. तुझे कोण तपासणार बे?"

स्वतःचा वकील लावता आला असता. पण त्याची फी माझ्या जिवावर आली, आणि बँकेच्या शिक्क्यावर माझा भारी विश्वास. म्हणून मी नको असलेल्या कर्जासाठी अर्ज केला. कागद तपासून झाले की कर्ज नाकारायचं, असा बेत. बायकोलाही सांगितलं नाही.

बँक आपल्या चालीनं चालली. मास्तरांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पितृपक्ष आहे, शुभ काम कसं करायचं?" वडिलांचं श्राद्धसुद्धा कधी न केलेला मी हे बोललो, याची अजून लाज वाटते. पुढच्या फोनला नवरात्रात चांगला दिवस शोधत असल्याचं सांगितलं. तिकडे त्या बाई रोज जिना चढत होत्या.

मग बँकेचा माणूस टेप घेऊन घर मोजायला गेला. बाईंनी त्याच्यासाठी वर जाऊन चहा केला आणि त्यानं चहासोबत सगळं सांगून टाकलं.

"काहून जी, तुम्ही तं रोखवाले होते ना?" मास्तरांनी फोनवर विचारलं. "मंग हा काय मोजून राहिला?"

"रंगाचा अंदाज घ्यायला पाठवला होता," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवून दिला. दसरा झाल्यावर त्यांनी इसार परत केला. घर त्या आधीच्या पोराला दिलं होतं. त्याची बँकही तीच निघाली, आणि या घराचे कागद तिथे तपासून तयारच होते.

"आठ दिवसांत उरकलं," मास्तर म्हणाले. "तुमच्यामुळंच झालं जी." त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. दिवाळीआधी ते पुण्याला पोचले.

त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला. तो नेमका बायकोनं उचलला. "अभिनंदन मॅडम, तुमच्या घराचं कर्ज मंजूर झालं. ते घर दुसऱ्याला गेलं, तेव्हा फक्त नव्या घराचा पत्ता कळवा."

मग मला तिच्यापुढे पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "पुढचं घर घेताना मालकाले सांगा, आमच्याजवळ पैसेच नाहीत म्हणून. लवकर होईल."