स्पीकरमधली शिट्टी

नव्वदच्या दशकात राजाजीनगरात गाड्यांना टेप बसवणारा एक कानडी माणूस होता. आवाज ऐकताना तो डोळे मिटायचा आणि सुपारी चघळायची थांबवायचा. त्याने आमच्या गाडीला टेप बसवला, आणि आठवड्याभरात स्पीकर शिट्टी वाजवू लागले. गाडी जितकी पळे, तितकी शिट्टी चढे. मी बायकोला घेऊन गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला झाडलं.

"स्वल्प थांबा, सर," म्हणत त्याने पायाखालची चटई उचलली. बॅटरीची जाड वायर आणि टेपची बारीक वायर शिट्टी येऊ नये म्हणून त्याने मुद्दाम गाडीच्या दोन बाजूंनी नेल्या होत्या. आता त्या एकत्र, छान वेणी घालून बांधलेल्या होत्या. ती वेणी माझी. पुणेरी टापटिपीची हौस! त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"हे असं कोणी बांधलं?" बायकोने विचारलं.

"मीच, अक्का. चूक झाली," म्हणत तो गाठी सोडू लागला.

परतताना शिट्टी गेली होती.

"बरं झालं झापलंत त्याला," बायको म्हणाली. "त्याशिवाय ही माणसं नीट काम करत नाहीत."

मी "हं" म्हणालो आणि टेपचा आवाज वाढवला.