उंच जीप

"साहेब, शिकारीला चाललात की काय?" जुन्या गाड्या विकणाऱ्याने हसत बाबांना विचारलं.

"हो, कुर्ल्यांच्या!" बाबा म्हणाले. कांदिवलीच्या त्या यार्डात ते प्रत्येक जीपखाली वाकून बघत होते. गावी ज्या ओढ्यात, आमच्या व्हाळात, कुर्ल्या म्हणजे खेकडे मिळतात, तो डोंगरात आहे, आणि गुडघे गेल्यापासून मोठे काका तिथवर चालू शकत नाहीत. लहानपणी त्यांनीच बाबांना कुर्लीच्या बिळात हात घालायला शिकवलं होतं. आता चारही चाकांना जोर असलेली जीप घ्यायची आणि त्यांना थेट व्हाळापर्यंत न्यायचं, असं बाबांनी ठरवलं होतं.

शेवटी एक उंच, हिरवी जीप पसंत पडली. "दादा, बसून बघ ना," बाबा बरोबर आलेल्या मोठ्या काकांना म्हणाले.

"गाडी उभ्यानं बघूची असता रे," काका म्हणाले. "बरी आसा. घेऊन टाक."

बाबा इंजिनचा आवाज ऐकायला पुढे गेले. काकांनी दार दोन्ही हातांनी धरलं, एक पाय जरासा उचलला आणि परत खाली ठेवला. मग कोणी बघत नाही ना, म्हणून मागे वळले. मी पटकन फोनमध्ये डोकं घातलं. ते हे कोणाला सांगणार नव्हते. जीप गावी गेली असती आणि ते ओटीवरच बसून राहिले असते.

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी बाबांना पुढे करते. तरी बाबा सौदा पक्का करायला निघाले, तशी मी त्या विक्रेत्यासमोर जाऊन उभी राहिले.

"या जीपला खाली पायरी बसवून द्याल का? मला चढता येत नाही."